केळीला काटा, पोरीला वय

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. एका जागी गप्प बसलं की पुरे. मी तशीही कमी बोलते. जी बोलत नाही तिला ऐकूही येत नसावं असं लोकांना वाटतं, म्हणून माझ्यासमोर सगळे सगळं बोलतात. त्यात गेल्या वर्षी माझी आत्या आमच्याकडे राहायला आली आणि घरामागच्या दवाखान्यात तिचं काम सुरू झालं. तेव्हापासून संध्याकाळच्या जेवणात भाकरीबरोबर एखादा किस्सा असतोच. आई म्हणते, ‘‘ऐकून हसू येतं गं.’’ मलाही येतं, पण नंतर. आधी राग येतो.

आमचं गाव यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. अलीकडे केळीचे मळे, पलीकडे जंगल आणि पाडे. पावसाळा संपत आला की मलेरिया ठरलेला. त्यातला एक मलेरिया असा की ताप उतरतो, माणूस कामाला लागतो आणि काही महिन्यांनी पुन्हा हुडहुडी भरते. आत्याने मला समजावलं, की त्याचे जंतू लिव्हरमध्ये दडून बसतात. त्यांच्यासाठी वेगळी गोळी असते, ती चौदा दिवस घ्यावी लागते. ती गोळी पोटात गेल्यावर रक्तात किती चढते आणि किती वेळात उतरते, हे आत्या मोजते. मग पुण्यातली तिची माणसं कॉम्प्युटरवर त्याची रेघ काढतात. डोंगरासारखी रेघ असते, चढ आणि उतार. अशा पुष्कळ रेघा जमल्या की कुठल्या माणसाला किती गोळी पुरेल, याचा हिशेब मांडता येतो.

आत्या डॉक्टर आहे, पण इंजेक्शन द्यायचं सोडून ती उलट रक्तच घेते आणि औषध दवाखान्यातलंच देते. त्यामुळे गावात तिची जी कीर्ती झाली, ती सांगण्यासारखी नाही.

* * *

पहिली सभा दवाखान्याच्या व्हरांड्यात झाली. आत्याने अर्धा तास समजावून सांगितलं. गोळी घ्यायची, मग ठरलेल्या वेळांना थोडं थोडं रक्त द्यायचं. सगळे माना हलवत होते. तेवढ्यात मागे बसलेले नाना उठले. नाना भडगावकडचे. केळीच्या कामाला म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले, पण बोली अजून तिकडचीच.

‘‘बाई, तू गोयी देस,’’ नाना म्हणाले, ‘‘आनि मंग तीच गोयी आम्हना रगतमा धुंडस. तुनी गोयीवर तुलेच भरोसा नही का?’’

सगळा व्हरांडा हसला. आत्या हसली नाही. ती म्हणाली, ‘‘नाही नाना. म्हणून तर आले.’’

नानांनी बाही वर केली आणि म्हणाले, ‘‘मंग ले.’’

* * *

आता सुनीताबद्दल सांगायला हवं, कारण माझा सगळा राग तिथूनच सुरू होतो.

सुनीता माझ्या बाकावर बसते. नववीत सगळ्यांत उंच आणि रुंद तीच. घर वरच्या पाड्यावर, म्हणून ती शाळेच्या होस्टेलवर राहते. सुट्टीत वडिलांबरोबर मळ्यात केळीचे घड वाहते. डोक्यावर घड घेऊन ती पाटाच्या कडेने अशी चालते की बघणाऱ्यानेच जपून पाऊल टाकावं. माझ्याशी न बोलता बसायला जिला कंटाळा येत नाही, अशी ती एकटीच आहे.

तिला मलेरिया झाला. चौदा दिवस गोळ्या झाल्या, बरी झाली. मग पुन्हा झाला. पुन्हा गोळ्या. दिवाळीनंतर तिसऱ्यांदा ती वर्गात दात वाजवत बसली तेव्हा होस्टेलच्या बाई म्हणाल्या, ‘‘ही गोळ्या थुंकते.’’

झालं. पुरावा नाही, काही नाही. रोज जेवणानंतर सगळ्या मुलींसमोर बाई तिला गोळी देत. मग तोंड उघडायला लावून मोबाइलचा टॉर्च मारत. ‘‘जीभ वर. आता डावीकडे. हं, गिळ पुन्हा.’’ मुली आधी हसायच्या, नंतर हसणंही थांबलं. सुनीता एकदा फक्त मला म्हणाली, ‘‘इतकं तर गुरांच्या डॉक्टरनंही आमच्या बैलाचं तोंड बघितलं नाही.’’

तिच्या वडिलांना निरोप गेला. ते आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘ताप यायचाच असेल तर घरीच येऊ दे. अजून एकदा आला की पोरगी मी घेऊन जातो.’’

पाड्यावरून घरी गेलेली मुलगी शाळेत परत आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

* * *

मध्ये एक काट्याचा किस्सा.

आत्याला कामाच्या सुरुवातीलाच एक नवल दिसलं. दवाखान्यातल्या सगळ्या पेशंटची वजनं तीस, पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस. अधलंमधलं कुणी नाहीच.

‘‘मंगला सिस्टर,’’ तिने विचारलं, ‘‘इथली माणसं पाच-पाच किलोंनीच वाढतात का?’’

मंगला सिस्टर भडगावच्या, या दवाखान्यात सगळ्यांत जुन्या. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘काटा कधीचाच बंद आहे मॅडम. मी नजरेनं लिहिते. माझी नजर चांगली आहे.’’

आत्याने डोक्याला हात लावला. जिल्ह्याच्या ऑफिसकडे नवा वजनकाटा मागितला. फार दिवसांनी उत्तर आलं, की गोळ्यांचं कोष्टक वयावर आहे, वजनावर नाही, सबब काट्याची आवश्यकता दिसत नाही. जेवताना आत्याने ते ‘सबब’ इतक्या वेळा म्हणून दाखवलं की बाबांना ठसका लागला.

शेवटी सलीमभाईंनी सोय केली. सलीमभाई भुसावळचे, आत्याच्या कामाची जीप चालवतात. त्यांनी एका केळीच्या व्यापाऱ्याकडून जुना मोठा काटा मागून आणला. केळीच्या चिकाने काळा पडलेला, पण वजन चोख. पेशंट त्यावर चढायला लागले. सुनीता चढली आणि खाली बघून म्हणाली, ‘‘हा तर ओळखीचा आहे. याच्यावर मी घड चढवते.’’

तिचं वजन सिस्टरांच्या चांगल्या नजरेपेक्षा बरंच जास्त निघालं.

* * *

मोठे साहेब हे आत्याच्या कामावर देखरेख ठेवणारे. जिल्ह्याच्या गावी बसतात. शर्टाची घडी मोडत नाही आणि बोलण्यात अर्धं इंग्रजी. ते भेटीला आले त्या दिवशी आठ पेशंटच्या रक्ताची वेळ सकाळी दहाची होती. साहेबांबरोबर फोटोवाला होता. आधी बॅनर लागला, तो वाकडा होता म्हणून काढून पुन्हा लागला. पेशंट एका रांगेत, बाह्या वर करून. साहेब मध्ये, हातात रिकामी सिरिंज.

दहा वाजून गेले. नाना रांगेतून म्हणाले, ‘‘साहेब, लवकर करा. भूक लागनी शे.’’

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. ‘‘सिस्टर, काय म्हणतायत हे? मराठीत सांगा. मला ही गावठी बोली समजत नाही.’’

सिस्टरांनी मराठीत सांगितलं. साहेब म्हणाले, ‘‘सांगा त्यांना, टू मिनिट्स.’’

फोटो संपले तेव्हा अकरा होत आले होते. आत्याचा चेहरा लाल झाला होता. ‘‘सर, दहाचे सगळे सॅम्पल गेले. गोळी रक्तात चढत असते तेव्हाच मोजायची असते.’’

‘‘मग दहा लिहा ना मॅडम,’’ साहेब म्हणाले. ‘‘व्हॉट्स द प्रॉब्लेम?’’

‘‘कागदावर लिहीन सर. रक्ताला कोण सांगणार?’’

साहेब फोटोवाल्याला म्हणाले, ‘‘मॅडमचा एक सिंगल घ्या.’’ त्या फोटोत आत्या ज्या नजरेने बघते आहे, ती बघून माझा चुलतभाऊ अजूनही घाबरतो. तो फोटो आम्ही जेवणघरात लावला आहे.

* * *

रक्ताच्या नळ्या बर्फाच्या पेटीत घालून सलीमभाई जळगावला नेतात. जीपवर बोर्ड आहे, काचेवर पत्र चिकटवलं आहे. तरी भुसावळच्या अलीकडे नाकाबंदी असली की त्यांना बाजूला घेतात. एकदा आत्या शेजारी बसली होती, तेव्हा कुणी थांबवलं नाही. पुढच्या फेरीला ते एकटे होते, तेव्हा थांबवलं. यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही, पण सलीमभाई स्वतःच हसत सांगतात, म्हणून लिहिते.

‘‘पेटीत काय आहे?’’ शिपायाने विचारलं.

‘‘रक्त.’’

शिपाई एक पाऊल मागे सरकला. मग दोन पावलं पुढे आला. ‘‘कुणाचं?’’

‘‘नळीवर फक्त नंबर आहे साहेब,’’ सलीमभाई म्हणाले. ‘‘नाव नाही, गाव नाही. जात-धरम तर पेटीतल्या कुणालाच माहीत नाही. उघडू का? बर्फ वितळला तर मात्र नवा तुम्ही आणून द्यायचा.’’

शिपायाने हात हलवून जा म्हटलं. पुढच्या आठवड्यात त्याच शिपायाने तीच पेटी पुन्हा थांबवली. पुन्हा तेच विचारलं.

‘‘त्यालाही पाठ झालंय आता,’’ सलीमभाई म्हणतात. ‘‘मी ‘नंबर’ म्हटलं की तो ‘बर्फ’ म्हणतो.’’

* * *

तिसऱ्या तापात आत्याने सुनीताचंही रक्त घेतलं होतं. त्याची रेघ पुण्याहून आली तेव्हा आम्ही अंगणात होतो. आत्याने लॅपटॉप बाजेवर ठेवला. मला बोलावलं, सुनीतालाही बोलावलं.

‘‘हा बघ तुझा डोंगर,’’ आत्या म्हणाली.

चढ होता, उतार होता. बाकीच्यांसारखाच आकार. फक्त बुटका होता. बाजूला दुसऱ्या पेशंटचे डोंगर उभे होते आणि सुनीताचा म्हणजे बांधावरचा ढिगारा.

‘‘थुंकली असतीस तर डोंगरच नसता,’’ आत्या म्हणाली. ‘‘तू प्रत्येक गोळी गिळली आहेस. गोळीच कमी पडतेय. कोष्टकात तू लहान मुलांच्या ओळीत बसतेस आणि तुझं अंग आहे मोठ्या माणसाएवढं.’’

सुनीता म्हणाली, ‘‘हे बाईंना दाखवाल?’’

आत्याने दुसऱ्याच दिवशी दाखवलं. बाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘बरं. पण मॅडम, टॉर्च मारल्यावरच गिळायला लागली असेल.’’

मी तिथेच उभी होते. मला खूप काही बोलायचं होतं. घरी येऊन मी पाटीवर ते सगळं लिहिलं आणि पुसलं, पुन्हा लिहिलं आणि पुन्हा पुसलं.

* * *

आत्याने साहेबांना फोन केला. अंगावर काही त्रास होणार नाही ना, याची तपासणी झालेली आहे, वजन केळीच्या काट्यावर मोजलेलं आहे, या मुलीला मोठ्यांचा डोस द्यायला परवानगी हवी. फोन स्पीकरवर होता.

‘‘मॅडम, कोष्टक वयावर आहे,’’ साहेब म्हणाले. ‘‘शाळेच्या दाखल्यावर तिचं वय काय आहे?’’

‘‘सर, दाखल्यावरचं वय गुरुजींनी अंदाजाने लिहिलेलं आहे. तिची आई म्हणते ती त्याहून मोठी आहे.’’

‘‘मग वय बदलून आणा. कोर्टातून ॲफिडेव्हिट, मग शाळा, मग आम्ही. प्रोसिजर आहे.’’

‘‘आणि तोवर ताप आला तर?’’

‘‘तोवर लहान मुलांचा डोस आहे ना.’’

फोन बंद झाला. सुनीता दारात बसून शेंगा सोलत होती. ती कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली, ‘‘आमच्याकडे घडाला कुणी वय विचारत नाही. काट्यावर ठेवतात.’’

आत्याने ते वाक्य तिच्या वहीत लिहून घेतलं. पुण्याच्या लोकांना तिने तेच पाठवलं म्हणे, बाकी काही न लिहिता.

* * *

पुण्याच्या लोकांवरून शेवटचा किस्सा.

पुण्यातल्या कॉम्प्युटरने एक दिवस आमच्या गावाची सगळी माहिती नापास केली. कारण काय, तर बहुतेक पेशंटची जन्मतारीख एकच. एक जून. कुणी या वर्षीचा, कुणी त्या वर्षीचा, पण सगळे एक जूनचे. एवढी माणसं एकाच तारखेला जन्मत नाहीत, तेव्हा ही माहिती घरी बसून बनवलेली असावी, असा शेरा आला.

आमच्याकडे हे कुणालाही विचारलं तरी कळेल. मूल शाळेत आणलं की गुरुजी विचारतात, कधी झालं? आई म्हणते, हरभरा काढत होतो तेव्हा. गुरुजी एक जून लिहितात. आमच्या वर्गातल्या अर्ध्याअधिक मुलींचा वाढदिवस त्याच दिवशी असतो आणि शाळेला तेव्हा सुट्टी असते, म्हणून चॉकलेटं कुणीच वाटत नाही. पण हे कॉम्प्युटरला कोण सांगणार? माहिती खोटी ठरली की सगळ्या रेघा रद्द. सुनीताचा डोंगरही रद्द. मग ती पुन्हा गोळ्या थुंकणारीच.

चौकशीला साहेब आले. त्याच सकाळी सुनीताला पुन्हा ताप भरला होता. होस्टेलच्या बाईंनी निरोप धाडला होता आणि तिचे वडील येऊन दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले होते. शेजारी सुनीताची पत्र्याची पेटी, दोरीने बांधलेली. यावलहून पाड्याकडे जाणारी बस दुपारी होती.

साहेब टेबलामागे बसले. आत्या बोलायला लागली तर म्हणाले, ‘‘मॅडम, वन मिनिट. मी स्वतः विचारतो. मला ग्राउंड रिॲलिटी बघू द्या.’’ त्यांनी समोरच्या बाकावर शाल पांघरून बसलेल्या सुनीताला विचारलं, ‘‘जन्मतारीख?’’

‘‘एक जून,’’ सुनीता म्हणाली. दात वाजत होते.

‘‘खरी सांग.’’

‘‘दुसरी नाही माझ्याकडे.’’

साहेबांनी मान हलवली. नानांकडे वळले. नाना म्हणाले, ‘‘एक जून.’’ साहेबांनी पेन टेबलावर आपटलं. ‘‘सगळ्यांना पढवून ठेवलंय. ड्रायव्हर, तुमची?’’

‘‘एक जून साहेब,’’ सलीमभाई म्हणाले. ‘‘लायसनवर आहे, दाखवू?’’

‘‘सिस्टर?’’

मंगला सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या. ‘‘तीच,’’ त्या म्हणाल्या. ‘‘रिटायर पण त्याच हिशेबानं होणार.’’

साहेब खुर्चीत मागे टेकले. ‘‘ही काय चेष्टा आहे?’’ त्यांनी विचारलं. बाहेर सुनीताच्या वडिलांनी पेटीची दोरी पुन्हा घट्ट केली, त्याचा आवाज आत आला.

सुनीताने शालीतून तोंड बाहेर काढलं. उद्धटपणा नव्हता तिच्या आवाजात. तापात माणूस सरळ विचारतो तसं तिने विचारलं.

‘‘साहेब, तुमची कोणती?’’

साहेबांनी आत्याकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं, मग नानांकडे बराच वेळ पाहिलं. नाना त्यांच्याकडेच बघत होते, बाही वर केलेली, नेहमीसारखी.

‘‘एक जून,’’ साहेब म्हणाले.

साहेबांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. तो पुसून झाला तरी पुसतच राहिले. मग टेबलाला हात टेकून उठले आणि सिस्टरांना म्हणाले,

‘‘बाई, तो केयीना काटा कोठे शे?’’